टोपोशीट उघडल्यावर आधी पाणी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "भूगोलाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिंहगड परिसराची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा) मिळवली आहे. समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), रंग, खुणा सगळं पाठ आहे. पण डोंगरावर उभं राहिलं की कागद आणि जमीन जुळत नाहीत. नकाशावरून भूरूपं ओळखायची कशी? आणि उपग्रहाने मोजलेल्या उंचीची माहिती फुकट मिळत असताना टोपोशीट शिकण्यात वेळ का घालवायचा?"

तुमच्या खुणा पक्क्या आहेत, अडतंय ते वाचण्याच्या क्रमाशी. शीट उघडली की बहुतेक जण आधी शिखर शोधतात, त्रिकोणाशेजारचा आकडा वाचतात आणि तिथून नजर खाली उतरवतात. सह्याद्रीत हा क्रम उलटा पडतो. इथले डोंगर हिमालयासारखे घड्या पडून वर आलेले नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचं पठार झालं, आणि पुढे ते पाण्याने कोरून काढलं. कोरून उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. त्यामुळे शिखराकडे बघून फारसं काही कळत नाही. ते कुठे आहे, केवढं आहे, त्याच्या सोंडा कुठे उतरतात, हे सगळं आजूबाजूच्या ओढ्यांनी ठरवलेलं असतं. म्हणून सुरुवात ओढ्यांपासून करा.

शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि निळ्या पेन्सिलीने प्रत्येक प्रवाह गिरवा. इथे पहिली अडचण येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या शीटवर निळा रंग असतो तो बारमाही पाण्याला. दिवाळीनंतर आटणारे ओढे काळ्या रेषेने काढलेले असतात, आणि आपल्याकडचे बहुसंख्य ओढे आटणारेच. नजर निळ्याला सरावलेली असल्यामुळे या बारीक काळ्या रेषा पायवाटांच्या आणि सीमारेषांच्या गर्दीत सुटून जातात. त्या एकेक करून उचला. जिथे रेषा संपते तिथेही थांबू नका. वरच्या समोच्चरेषा पाहा. त्या ओढ्यावरून जाताना चढाच्या दिशेने टोक काढतात. ही टोकं बोथट होत होत नाहीशी होईपर्यंत पेन्सिल वर न्या. तुमच्या घळी तिथपर्यंत पोचतात, भले नकाशा काढणाऱ्याने तिथे ओढा दाखवलेला नसो.

आता लाल पेन्सिल घ्या. दोन निळ्या जाळ्यांच्या मधून, कुठल्याही ओढ्याला न ओलांडता जाणारी रेषा काढा. हा तुमचा जलविभाजक, म्हणजे दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारी रेषा. सोंडांवर समोच्चरेषांची टोकं उताराकडे वळलेली दिसतील, म्हणजे घळींच्या बरोबर उलट. लाल रेषा एका शिखरावरून दुसऱ्याकडे जाताना जिथे खाली उतरून परत चढते तिथे खिंड असते. तुम्ही शिखरं अजून शोधलेलीही नसतात, तरी या दोन रंगांतून डोंगराचा सांगाडा कागदावर आलेला असतो.

तुमच्याच शीटवर हे करून पाहू. सिंहगड ४७ एफ/१५ मध्ये येतो, पण अगदी डाव्या काठाजवळ. त्यामुळे पश्चिमेची ४७ एफ/११ शेजारी जोडून ठेवा, नाहीतर गडाच्या मागची अर्धी रांग हरवते. (क्रमांक समजून घ्या: ४७ म्हणजे चार अंश गुणिले चार अंशांचा तुकडा, एफ म्हणजे त्यातला एका अंशाचा, आणि १५ म्हणजे त्यातला पंधरा मिनिटांचा. अक्षरं आणि आकडे दोन्ही वरून खाली, स्तंभा-स्तंभाने लावलेले असतात. हे कळलं की शेजारची शीट कोणती ते कोणाला विचारावं लागत नाही.)

कात्रजच्या घाटापासून सिंहगडापर्यंत लाल रेषा काढा. पुण्यातली पोरं रात्रीच्या चांदण्यात कात्रज ते सिंहगड चालत जातात ती वाट बहुतांशी याच रेषेवरून जाते. टेकडी चढा, खिंडीत उतरा, पुन्हा चढा, हे जे पाय सांगतात तेच तुमची लाल रेषा सांगते. उत्तरेकडे पडलेला पाऊस खडकवासल्याकडे आणि मुठेकडे जातो, पुण्यातून वाहतो, मुळा-मुठा होऊन भीमेला मिळतो आणि उजनीच्या जलाशयात पोचतो. दक्षिणेला, कल्याण दरवाज्याच्या बाजूला पडलेला पाऊस शिवगंगेत, तिथून गुंजवणीत आणि नीरेत जातो. नीरा भीमेला मिळते ती नीरा-नरसिंहपूरला, उजनी धरणाच्या खालच्या अंगाला. म्हणजे धारेच्या दोन बाजूंना हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब दीडशेक किलोमीटर दूर जाऊन पुन्हा एकत्र येतात, आणि मधल्या प्रवासात एक उजनीत अडतो, दुसरा अडत नाही. ज्याला हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं त्याला शीट वाचता येते असं मी मानतो. शिखराची उंची पाठ असणं त्यापुढे किरकोळ आहे.

सांगाडा झाला. आता समोच्चरेषांचं अंतर वाचा, कारण दख्खनच्या खडकाची खरी ओळख तिथे लपलेली आहे.

१:५०,००० च्या मेट्रिक शीटवर डोंगराळ भागात दोन रेषांमधलं उभं अंतर साधारणपणे २० मीटर असतं आणि दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड ते जाड १०० मीटर. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. दोन जाड रेषांत २ मिलिमीटर अंतर असेल तर १०० मीटर आडवं आणि १०० मीटर उभं: ४५ अंशांचा उतार, हात टेकल्याशिवाय चढवत नाही. तेच अंतर एक सेंटिमीटर असेल तर उतार ११ अंशांच्या आसपास, बैलगाडीला जड पण माणसाला सहज. ही दोन मापं डोक्यात बसवा. मग पट्टी न लावताही नजर उतार सांगते.

सह्याद्रीच्या बहुतेक उतारांवर या रेषा सारख्या अंतराने येत नाहीत. दाट जुडगा, मग मोकळी जागा, पुन्हा जुडगा, पुन्हा मोकळी जागा. जिन्याच्या पायऱ्यांसारखा हा आकार लाव्हाच्या थरांमुळे आलेला आहे. एका थराचा गाभा घट्ट, भरीव असतो. तो उभा फुटतो आणि कडा ठेवतो. थराचा माथा पोकळ्यांनी भरलेला असतो. त्या पोकळ्यांत पुढे पांढरे, कधी हिरवट स्फटिक वाढलेले सापडतात. हा भाग लवकर कुजतो. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टा असतो, पहिला थर थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधीच्या काळात तयार झालेला. तो तर नखाने खरवडता येतो. मऊ भाग मागे सरकतो, वरचा कडा ढासळतो, आणि दोहोंच्या मध्ये सपाट माची तयार होते. नकाशावरच्या मोकळ्या जागा म्हणजे या माच्या.

हे एकदा दिसलं की शीटवरच्या बाकीच्या गोष्टी आपोआप जागी बसतात. धनगरांची घरं, छोट्या वाड्या, झाडांचे हिरवे ठिपके कुठे आहेत ते पाहा. बरेचदा ते माचीच्या आतल्या कडेला, वरच्या कड्याच्या पायाशी सापडतील. भेगांतून झिरपत आलेलं पाणी घट्ट थरावर अडतं आणि तिथेच बाहेर पडतं. एप्रिलमध्ये गडाच्या समोरच्या डोंगराकडे पाहा: सगळा उतार पिवळा पडलेला असतो आणि एका ठरावीक उंचीवर झाडांचा आडवा हिरवा पट्टा डोंगराला वळसा घालून गेलेला असतो. ती उंची नकाशावर मोजा आणि दरीच्या पलीकडच्या डोंगरावर तीच रेषा शोधा. लाव्हाचे थर इथे जवळपास आडवे आहेत, त्यामुळे तीच माची पलीकडेही साधारण त्याच उंचीला सापडते. मधली दरी नंतर कोरली गेली याचा पुरावा तुम्ही स्वतः मिळवलेला असतो.

सगळा खडक इतक्या शिस्तीत नसतो हेही सांगायला हवं. काही लाव्हा एका जाड थरात न पसरता छोट्या-छोट्या जिभांनी, एकावर एक चढत पसरला. त्याला पाहोएहोए प्रकारचा लाव्हा म्हणतात. तिथे पायऱ्या पुसट होतात आणि उतार गोलसर दिसतो. तेव्हा जुडगे सापडले नाहीत म्हणून गोंधळू नका. "इथे खडकाचा प्रकार बदलला असावा" अशी नोंद करा आणि जागेवर जाऊन हातोडीने पाहा.

जांभ्याची पठारं ओळखणं त्या मानाने सोपं. पाचगणीची टेबललँड किंवा रत्नागिरीकडचे सडे, म्हणजे खडकाळ सपाट माळ घ्या. मध्ये समोच्चरेषा जवळपास नाहीतच, आणि काठावर मात्र एकदम दाट कोंडाळं. ओढे काठावरच सुरू होतात, माथ्यावर पाणी जिरतं किंवा पावसाळ्यात साचून राहतं.

आता घाटमाथ्याकडे चला, कारण पाणी आधी वाचायचं का म्हणतो ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. लोणावळ्याच्या आसपासची शीट घ्या आणि इंद्रायणीचं खोरं पाहा. नदी उगमापाशीच आहे, पाणी जेमतेम, आणि खोरं मात्र रुंद, पसरट. कड्याच्या काठाशी ते असं उघडं पडतं की जणू नदीचा वरचा भाग कोणी कापून नेला. पश्चिमेला उल्हासच्या दरीत समोच्चरेषा एकमेकींना चिकटलेल्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, कर्जत १०० मीटरच्याही खाली, आणि दोहोंत सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर. इंद्रायणीच्या पाण्याला तेवढंच उतरायला भीमा आणि कृष्णेतून हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. ज्याचा उतार तीव्र त्याची कोरण्याची ताकद मोठी. कोकणात उतरणारे ओढे मागे-मागे खात घाटमाथा पूर्वेकडे ढकलतात आणि देशावरच्या नद्यांची डोकी तोडतात. जलविभाजकाची लाल रेषा घाटमाथ्यावर काढलीत तर ती बऱ्याच ठिकाणी कड्याच्या इतकी काठाला लागून जाते की पेन्सिलीची जाडी आड येते.

कोयनेची शीटही जरूर पाहा. महाबळेश्वरला उगम, तिथून घाटमाथ्याला समांतर दक्षिणेकडे साठेक किलोमीटर, आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळून कराडकडे. इतकं सरळ वाहणं आणि इतकं अचानक वळणं पाहिलं की खडकातल्या भेगांचा आणि कमकुवत पट्ट्यांचा विचार करावाच लागतो. याच नदीचं पाणी बोगद्यांनी पश्चिमेला उतरवून पोफळीला वीज केली जाते आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. घाटमाथा इतका अरुंद नसता तर ही योजना कोणाच्या डोक्यात आली नसती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. उपग्रहाची उंचीची माहिती वापरा, नक्की वापरा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. ती माहिती आज सुमारे ३० मीटरच्या चौकोनांत मोफत मिळते. कार्टोसॅट-१ च्या दोन कॅमेऱ्यांच्या जोडचित्रांवरून आपल्याकडे तयार झालेली उंचीची माहिती इस्रोच्या भुवन पोर्टलवर आहे. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं तर उतार, छेद, पाणलोट हे सगळं घरबसल्या काढता येतं. तुम्ही पेन्सिलीने दिवसभर काढलेला जलविभाजक ते मिनिटभरात काढतं.

पण त्या चौकोनात काय आहे ते समजून घ्या. ३० मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एकच उंची. उभा कडा त्यात तिरका होतो, आणि आत झुकलेला कडा तर मांडताच येत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नागाच्या फण्यासारखा पुढे आलेला आहे, त्याच्या काठाखाली मोकळी हवा आहे. एका जागी एकच उंची मानणाऱ्या कुठल्याही पद्धतीत ही हवा बसत नाही. दाट जंगलात रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे लागतात, तेव्हा भीमाशंकरच्या रानातली उंची वाचताना झाडांची उंची त्यात मिसळली आहे हे धरून चाला. अरुंद, खोल नाळेत (कड्यांमधल्या घळीत) रडारची तिरकी नजर पोचत नाही. तिथले आकडे शेजारच्या आकड्यांवरून भरलेले असू शकतात.

टोपोशीटचं बळ इथे आहे. जुन्या शीट प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) घेऊन डोंगरावर चढलेल्या माणसांनी काढल्या, पुढे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून त्या सुधारल्या गेल्या. कडा दिसला की त्यांनी कड्याची खूण काढली. बांधाची किंवा नदीकाठाची उंची आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किती ते 'आर' लावून बारीक अक्षरात लिहिलं. खिंडीचं, पाण्याच्या टाक्याचं, वाडीचं नाव विचारून घातलं. जमिनीकडे बघून महत्त्वाचं काय ते ठरवणारी नजर त्या कागदात आहे. तिच्यात त्रुटी आहेत, रस्ते जुने आहेत, कित्येक नावं चुकीची लिहिली गेली आहेत. तरीही कड्याची खूण आणि यंत्राने काढलेला उतार शेजारी ठेवले की दोन्हींचं खरंखोटं पारखता येतं. एकट्या कुठल्याच गोष्टीवर विसंबून उतारावर जाऊ नये.

शीटच्या मर्यादेचीही एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. दोन रेषांत २० मीटर असतील तर १५ मीटरचा सरळ कातळटप्पा दोहोंच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. नकाशावर उतार साधा दिसतो आणि जागेवर दोराशिवाय पुढे जाता येत नाही. अनोळखी नाळेने उतरण्याचा बेत निव्वळ समोच्चरेषांवरून करू नका. गावातल्या माणसाला विचारा.

काही व्यावहारिक बाबी, कारण "जुळत नाही" याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचं एक गणिती रूप) आधारलेल्या आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ हे दुसरं रूप वापरतो. पुण्याच्या परिसरात यामुळे जागा शंभरेक मीटर सरकते. कागदावर हा फरक जेमतेम दोनेक मिलिमीटर, पण अरुंद धारेवर तेवढ्यात तुम्ही दरीत दिसता. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेल्या ओपन सीरिज शीट डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, त्यांचे क्रमांकही निराळे आहेत. उंचीचंही तसंच. जीपीएस मुळात गणिती लंबगोलापासून उंची मोजतं. महाराष्ट्रात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. दुरुस्ती न करणारं यंत्र मुंबईच्या चौपाटीवर उणे साठ-सत्तर मीटर दाखवेल. तुमच्या यंत्राचा आकडा शीटपेक्षा सतत तेवढाच कमी येत असेल तर यंत्र बिघडलेलं नाही.

उपग्रहाचं छायाचित्र पाहताना दरीच्या जागी डोंगर आणि डोंगराच्या जागी दरी दिसते, हीही नेहमीची तक्रार. बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरून जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येला पडतात. आपल्या डोळ्यांना मात्र प्रकाश चित्राच्या वरच्या बाजूने येतो असं धरून चालण्याची सवय आहे. चित्र उलटं फिरवा, दक्षिण वर करा, सगळं जागेवर येतं.

छेद (डोंगर उभा कापला तर दिसेल ती बाजू) काढायला शिका, आणि त्यातल्या अतिशयोक्तीचा हिशोब ठेवा. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला ५०० मीटर आणि उभं १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतलंत तर डोंगर पाचपट उंच दिसतो. माच्या दिसायला तेवढं ताणणं बरंच, पण छेदावर ते लिहून ठेवा. त्या छेदावरून उताराचा कोन मोजायचा नाही.

शेवटी एक गोष्ट, जी मी प्रत्येक विद्यार्थ्याला करायला लावतो. उताराच्या पोटात समोच्चरेषा कुठे आत वळून वाटीसारख्या झाल्या आहेत आणि त्याच्या खाली पायथ्याला कुठे बाहेर फुगल्या आहेत ते शोधा. वरची वाटी पाणी आणि माती गोळा करते. खालचा फुगीर भाग हा बरेचदा वरून कधीतरी आलेल्या मातीदगडांचा ढीग असतो. तिथली जमीन खोल, कसदार, पाण्याजवळ, म्हणून वस्तीही तिथेच होते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळिये, २०२३ च्या जुलैत इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी: तिन्ही वस्त्या तीव्र उतारांवर किंवा त्यांच्या पायाशी होत्या, आणि तिन्ही वेळा मुसळधार पाऊस होता. नुसत्या १:५०,००० च्या शीटवरून एखादं गाव धोक्यात आहे असं म्हणता येत नाही. मातीची जाडी, भेगा, पाण्याच्या वाटा जागेवर जाऊनच पाहाव्या लागतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे याच प्रमाणावर केले आहेत. ते तुमच्या ट्रेसिंगशेजारी ठेवा आणि कुठल्या घरांपाशी जाऊन बघायला हवं त्याची यादी काढा. जाल तेव्हा वरच्या उताराला नव्या भेगा पडल्या आहेत का, झाडं किंवा खांब कलले आहेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं आहे का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दिसलेली प्रत्येक भेग ट्रेसिंगवर तारखेसह मांडा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसील कार्यालयात पावसाळ्याआधी द्या.